चुन्याशिवायचा तट

नागावला चंदर गवंड्याच्या स्वतःच्या नारळाच्या वाडीला समुद्राकडून बांध हवा होता. त्याने तो दोनदा बांधला आणि दोन्ही वेळा पडला. पहिला चक्रीवादळात गेला, त्याला कोणी काही बोललं नाही. दुसरा साध्या उधाणात गेला. नारळांची मुळं उघडी पडली.

"चाळीस वर्षं लोकांची घरं बांधलीस," शेजारचा भिकू म्हणाला, "नि सोताच्या दारात हात चुकला व्हय?"

चंदरने तिसऱ्या बांधासाठी सिमेंटच्या तीस गोण्या सांगून ठेवल्या.

त्या रविवारी सून प्रणालीकडे चौघी परदेशी शिक्षिका उतरल्या होत्या. मुंबईतल्या शाळेत नोकरीला आलेल्या. त्यांना समुद्रातला कुलाबा किल्ला बघायचा होता. ओहोटीला सगळे चालत गेले, चंदर मागून, गुडघे सांभाळत. किल्ला त्याला लहानपणापासून ठाऊक. यायचं, गणपतीला नारळ फोडायचा, परतायचं.

झिम्बाब्वेची रूडो बाहेरून तटाला हात लावून थांबली. प्रणालीशी इंग्रजीत काही बोलली.

"बाबा, ही विचारते, यात चुना कुठाय?"

"आसंल की आत."

चंदरने फटीत बोटं घातली. मग कोपरापर्यंत हात. वाळू लागली, ओल लागली. चुन्याचा कण नाही.

"तिच्या देशातही असे कोट आहेत म्हणते. नुसता दगडावर दगड."

भरती लागली होती. लाट आली ती फटींतून आत शिरली आणि शंभर धारांनी निमूट बाहेर आली. चार माणसांना न हलणारा एकेक धोंडा, केसभर सरकला नाही. चंदरने डोक्यावरची टोपी काढली. असा एक धोंडा बसवायला किती दिवस गेले असतील? त्याने आपल्या बांधाला फट म्हणून ठेवली नव्हती. सगळे सांधे भरून, घोटून गुळगुळीत. पाणी वरून आत यायचं, मागे अडायचं. वाट नाही म्हटल्यावर ते ढकलणारच.

"बाबा, चला! पाणी वाढतंय!"

"थांब गो. आजून एक लाट."

त्याने तीन बघितल्या. परतताना पाणी मांडीला लागलं. रूडोने त्याचा दंड घट्ट धरला होता.

किनाऱ्यावर येताच त्याने भिकूला फोन लावला.

"गोण्या नको म्हून सांग दुकानात. काळे धोंडे पायजेत, मोठे. उद्या पहार घेऊन ये."

"सिमेंटबिगर? लोक हसतील."

"हसू दे. पयल्या थरालाच आठ दिस लागतील. डबा घेऊन ये."