बिबट्याबाईंचा चौथा नियम

राष्ट्रीय उद्यानात सगळे त्यांना बिबट्याबाई म्हणत, आणि बाईंनी बिबट्या उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

उद्यान सरकारचं. पण दारातलं माहिती केंद्र, टोप्या-नकाशांचं दुकान, वापरायला मिळणाऱ्या दुर्बिणी आणि शाळांच्या सहलींची बस, हे सगळं उद्यानाच्या मित्रसंस्थेच्या जिवावर चालायचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाई या संस्थेत सहलीच्या मुलांना जंगल दाखवायला बिनपगारी रुजू झाल्या. जन्मभर न पाहिलेल्या माणसांशी गोड बोलण्याची सवय. न पाहिलेल्या जनावराबद्दल बोलणं त्यांना काय जड? ठसा, ठिपके, मिशा, सगळं तोंडपाठ. फक्त एखादं पोर विचारायचं, "बाई, तुम्ही पाहिलाय?" आणि बाईंची पंचाईत व्हायची. खोटं बोलता येत नसे. "नाही रे बाळा," म्हणून त्या पुढच्या झाडाकडे वळायच्या.

घरी चपला काढायच्या आत नवरा विचारी, "काय, भेटले का साहेब?"

यंदा गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी चढउतार बंद केला. आजच्या फेरीनंतर दुकानात टोप्या विकायला बसायचं ठरलं होतं. म्हणजे आज दिसला तर दिसला, नाहीतर राहिलाच.

निघताना त्यांनी मुलांकडून नियम घोकून घेतले. जनावर दिसलं तर ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, जागचं हलायचं नाही. नियमांत बाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत. मागे ससा पाहून शिट्टी मारली म्हणून त्यांनी एका मास्तरांनाच बसमध्ये नेऊन बसवलं होतं.

पाणवठ्याशी पोचल्यावर बाई पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि बिबट्याच्या चालीबद्दल सांगू लागल्या. तोवर चुळबुळणारा वर्ग एकदम चिडीचूप झाला. डोळे विस्फारलेले, तोंडं उघडी. मास्तर तर श्वास घ्यायलाही विसरलेले. बाईंना भरून आलं. शेवटच्या दिवशी का होईना, वर्ग जिंकला. त्यांनी आवाज आणखी खाली आणला आणि शेपटीवर दोन जास्तीची वाक्यं खर्च केली.

मग पुढच्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. "बाई, तो गेला. आता बोललं तर चालेल?"

बाई गर्रकन वळल्या. पलीकडचं गवत तेवढं हलत होतं, आणि काठावरच्या चिखलात ओले ठसे उमटले होते.

"पाणी पिऊन गेला," मुलगी म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसाच चालत होता."

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं तेव्हा बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग सगळं सांगितलं. "काखेत कळसा," एवढंच तो बोलला आणि चहा टाकायला उठला. तो कधी उठत नसे.

हल्ली बाई टोप्या विकतात. पण एकही वर्ग त्यांच्या गल्ल्यासमोरून तसाच पुढे जात नाही.

"तीन नियम पाठ झाले? आता चौथा ऐका," त्या बजावतात. "बिबट्या बाईंच्या पाठीमागे असेल, तर बाईंचा पदर ओढायचा."