मयताच्या घरी नेलेले तांदूळ

“या खद्दामाला सोफ्यावर कुणी बसवलं?”

भाभींनी हे आपल्या बहिणीच्या कानात म्हटलं. हळूच. मराठीत. मी त्यांच्या मागेच उभी होते, हातात खजुराचा ट्रे घेऊन. खद्दामा म्हणजे मोलकरीण. इथे मदिनेत अरब घरांत तसं म्हणतात, आणि आता आपली माणसंही म्हणतात.

सोफ्यावर माझी आई बसली होती.

भाभींना वाटलं, हिला मराठी कळत नाही. तिला कळतं. माझ्या जन्माच्या आधीपासून ती अब्बांशी मराठीतच बोलते. मोडकं बोलते, पण समोरच्याचं सगळं कळतं. तिने पाय जवळ ओढून घेतले. मग उठली, अबायाच्या बाह्या वर केल्या आणि विचारलं, “किचन कुठे?”

भाभी हसल्या. बहिणीला म्हणाल्या, बघ, सवय जात नाही.

ते घर रत्नागिरीकडच्या एका शेठचं, भाभींच्या सासऱ्यांचं. यात्रेकरूंच्या राहण्याच्या इमारती ते चालवतात. अब्बा त्यांची बस चालवतात. मी त्यांच्या ऑफिसात इंग्रजी मेल लिहिते. आमची चूल त्या घरावर पेटते. आदल्या दिवशी शेठच्या आई वारल्या होत्या आणि बायकांच्या हॉलमध्ये सकाळपासून गर्दी होती. म्हातारीला आम्ही दादी म्हणायचो. दादी आणि माझी आई, दोघी दादीच्या खोलीत एकमेकींचा हात धरून बसायच्या. फार बोलायच्या नाहीत.

आईला मी इबू म्हणते. तिच्या भाषेत इबू म्हणजे आई. ती जावा बेटावरच्या एका भातशेतीच्या गावातली. मदिनेत एका अरबाच्या घरी कामाला आली, अब्बा त्याच घरात ड्रायव्हर होते. अब्बा कोकणातले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांनाही भाताची लावणी येत होती. अब्बा म्हणतात, ती चिखलात उलटं चालायची नक्कल करून दाखवायची आणि मी हसून हसून लोळायचो.

शाळेत मला हे सांगता यायचं नाही. इंडियन स्कूल, इंग्लिश मीडियम. इंजिनिअरांच्या मुली, डॉक्टरांच्या मुली. एकीने मला भर वर्गात विचारलं होतं, तुझी मम्मी फ्रायडेला फ्री आहे का, आमची मेड पळून गेलीय. सगळ्या हसल्या. मी पुस्तकात तोंड घातलं. तेव्हापासून कमी बोलायची सवय लागली. लोक म्हणतात, शांत मुलगी आहे. शांत नाही. मी बघत असते.

त्या दिवशी इबू येताना वाडगाभर तांदूळ घेऊन आली होती. कोरडे, न शिजवलेले. तिच्या गावच्या छापील कापडात बांधलेले. गाडीत ते गाठोडं तिच्या मांडीवर होतं. मदिनेत तांदळाला काय तोटा? इथे गोणीने घेतात. त्या घरात तर तीन दिवस बिर्याणीची परातच्या परात येणार होती. पण तिच्या गावात मयताच्या घरी बाई रिकाम्या हाताने जात नाही. वाडगाभर तांदूळ नेते. पुढच्या दाराने नाही, मागच्या दाराने जाते. तांदूळ देते, डोक्याला फडकं बांधते आणि कामाला बसते. न बोलावता, न विचारता. जी कामाला बसत नाही, ती शेजारीण नाही.

त्या गावात पैसा नव्हता. तांदूळ होते. माझ्याकडे मयत झालं तेव्हा तू आणलेस, तुझ्याकडे झालं की मी आणेन. एकीच्या वाडग्यावर दुसरीचं घर उभं राहायचं.

इबूच्या घरी जमीन नव्हती. तरी तिची आई दर हंगामात भात घरी आणायची. कारण कापणीला कुणीही बाई जाऊ शकत असे. तळहातात मावेल एवढं पातं असतं. ते मुठीत लपवायचं आणि एकेक लोंबी कापायची. भात देवीचं, तिला पातं दिसलं तर ती घाबरते, असं म्हाताऱ्या सांगायच्या. कापलेल्यातला वाटा कापणारीचा. मालक नाही म्हणत नसे. नाही म्हणणं लाजेचं होतं.

मग व्यापारी आले. उभं पीकच विकत घ्यायला लागले. स्वतःची माणसं आणली, विळे आणले, पुढे मशीनही आलं. बांधावर माणूस उभा केला, गावच्या बायकांना हाकलायला. इबूची आई मग मागून सरवा, शेतात सांडलेल्या लोंब्या, वेचायची. मशीनच्या मागे सरवा तरी किती राहतो? गावातल्या पोरी मग सौदीला निघाल्या. एक गेली, तिच्या घरावर नवी कौलं आली. दुसरी गेली, तिच्या घराला फरशी आली. इबू म्हणते, आमच्या गावात घर बघून कळतं, कुणाची मुलगी परमुलखात भांडी घासते.

तिची आई वारली तेव्हा इबू इथे होती. दुसऱ्याच्या घरात. जायची परवानगी मिळाली नाही. तिच्या आईसाठी गावातल्या बायकांनी तांदूळ आणले. ते फेडायला इबू तिथे नव्हती.

म्हणून दादीसाठी तिने हे तांदूळ काढले. दुकानातले नव्हेत. तिच्या बहिणीने उमऱ्याला आलेल्या गावकऱ्यांबरोबर पाठवलेले. अब्बाच ते यात्रेकरूंच्या हॉटेलातून घेऊन आले होते. आम्ही ते रोज खात नाही. ती डबा उघडून वास घेते आणि बंद करते.

दुपारपर्यंत इबू मोरीपाशी होती. पराती घासत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, तू बस बाहेर, दादी माझी होती. तिच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता. ती आपल्या गावात होती, मागच्या दाराने आलेली, फडकं बांधलेली. फक्त त्या घराला ते माहीत नव्हतं.

मग भाभी आत आल्या. ओट्यावरचा वाडगा दिसला. तांदूळ चिमटीत धरून बघितले. आखूड, जाडसर दाणा.

“हे कुणी आणलं? आमच्याकडे काय दुष्काळ पडलाय?”

इबू म्हणाली, “मी आणलं. दादीला.”

भाभींनी तांदूळ एका प्लास्टिकच्या पिशवीत ओतले. वाडगा रिकामा झाला. रिकामं भांडं परत देऊ नये, हे त्यांनाही माहीत होतं. आपल्याकडेही तीच रीत आहे. त्यांनी बाहेरून आलेली परात ओढली आणि पाहुण्यांच्या पानातलं उरलेलं वाडग्यात भरलं. इबूच्या हातात दिला.

इबूने दोन्ही हातांनी घेतला. तिच्याकडे तसंच घेतात. वरच्या मटणाच्या तुकड्यावर दातांच्या खुणा होत्या. तिने बघितलं. मग कापडाचं टोक त्यावर ओढलं, कुणाचं उघडं पडलेलं अंग झाकावं तसं. आणि म्हणाली, “मेहरबानी.”

ती पुन्हा पराती घासायला लागली. पण आता तिचा हात नुसताच फिरत होता. एकाच परातीवर. ती परात केव्हाच स्वच्छ झाली होती.

भाभींनी पिशवी माझ्या हातात दिली. “तुझ्या अब्बांना दे. म्हणावं, जाता जाता पारव्यांना टाका. सवाब मिळेल.”

मी दारापर्यंत गेले. अब्बा बाहेर जिन्यापाशी उभे होते, पाहुण्यांना सोडायच्या तयारीत. मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. त्यांनी पिशवीकडे बघितलं. पिशवी पारदर्शक होती. मदिनेत सगळीकडे लांब दाण्याचा बासमती, हा दाणा त्यांनी लगेच ओळखला. मग हात पुढे केला.

“दे गो. आणि काही बोलू नकोस. इकामा त्यांच्या हातात आहे.” इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना; तो शेठच्या सहीवर चालतो.

माझे अब्बा उंच आहेत. हात पुढे करताना ते इतके लहान दिसले की मला बघवेना. त्यांची बायको आत भांडी घासत होती. तिच्या आईच्या गावचे तांदूळ ते रस्त्यावर ओतणार होते, कारण कुणीतरी सांगितलं होतं. आणि घरी येऊन ते तिला काही सांगणार नव्हते. आणि तीही विचारणार नव्हती. दोघं जेवायला बसणार होती. मला ते सगळं दिसलं. मी असंच होऊ दिलं असतं तर मीही एक दिवस त्याच ताटावर बसले असते, गप्प, आणि लोक म्हणाले असते, शांत मुलगी आहे.

मी पिशवी दिली नाही.

अब्बांनी मला हाक मारली, एकदाच. मी हॉलमध्ये परत गेले. बायका तसबीहचे मणी ओढत होत्या. शेठची बायको, रुकय्याचाची, मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला भाभी. मी इतक्या माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं. मी पिशवी चाचींच्या समोर, गालिचावर ठेवली.

चाचींनी विचारलं, हे काय गो?

स्वयंपाकघराच्या दारात इबू येऊन उभी राहिली होती. ओले हात. मान हलवत होती, नको, नको. मी तिच्याकडे बघितलं आणि तरीही बोलले.

“चाची, दादीसाठी माझ्या आईने हे तांदूळ आणलेत. तिच्या गावात शेजारीण असेच आणते. तुम्हाला ती शेजारीण म्हणून हवी असेल तर हे तुमच्या घरात शिजवा. नको असेल तर उठा आणि स्वतःच्या हाताने तिच्या हातात परत द्या, तिच्या तोंडाकडे बघून. पारव्यांना टाकायला माझे अब्बा जाणार नाहीत. आणि उद्यापासून मी तुमच्या ऑफिसात येणार नाही.”