घशाखाली न उतरलेली भाकर

मी लग्न होऊन चिंचवडला आले ते बावन्न-त्रेपन्न साल असेल. हे देहूरोडच्या डेपोत नोकरीला. घरात आम्ही दोघं आणि साठी उलटलेल्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी त्या ताटात भाकर टाकू लागल्या. "उतरंना गं घशाखाली," म्हणायच्या. आवाजही घोगरा झाला होता. मला वाटलं, हे नवं सोंग. शेजारणींपुढं माझ्या हाताला नावं ठेवायची सोय. राग तर माझ्या नाकावरच असायचा. मग मी त्यांची भाकर मुद्दाम जाड थापायची आणि चुलीतल्या आरावर चांगली कडक करून वाढायची. दूध मागितलं तर संपलं म्हणायची. खायचं तर खा, नाहीतर राहा.

चार-पाच महिन्यांत त्या पार वाळल्या. ओटा चढतानाही धाप लागू लागली, तेव्हा ह्यांनी रजा काढली आणि आम्ही त्यांना गाडीनं पुण्याच्या एका इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, बोटांनी ठोकून पाहिली. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन खडू कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायला लावलं आणि छातीचा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून ते ह्यांना सांगू लागले, "ही पांढरी रेघ म्हणजे अन्ननलिका. सरळ पाहिजे. इथं बघा, मागं वाकलीय. हृदयाचा वरचा डावा कप्पा फुगून तिला रेटतोय. घास अडकतो तो इथं."

"मग आता?" ह्यांनी विचारलं.

"औषधानं दम कमी होईल. कप्पा काही पूर्वीसारखा व्हायचा नाही. मऊ खायला घाला."

मी त्या रेघेकडं बघत राहिले. रडू आलं नाही. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

परतताना गाडीनं पिंपरी गाठली. मग आत्याबाईंनी माझा हात धरला.

"पोरी, मला माफ कर. एवढं दिस मला वाटायचं, तू मुद्दाम कडक भाकर करतीस. लेकालाबी तसंच सांगितलं व्हतं. दुखणं माजंच निघालं."

समोर बसलेले हे सुटल्यासारखे हसले. किती दिवसांनी माझ्याकडं बघून हसले होते.

"असू द्या, आत्याबाई," मी म्हणाले, आणि त्यांना माफ केलं.