भिंतीवरचा कोरा चौकोन

आमच्या भिंतीचा चुना मेणबत्त्यांच्या धुरानं पिवळा पडलाय, पण मधोमध एक चौकोन कोरा आहे. तिथं पोपचा फोटो होता. आम्ही कॅथलिक, आणि माझ्या नातीला, रीटाला, बघायला पोपला न मानणाऱ्या लुथरन पंथाची माणसं येणार म्हणून माझ्या मुलानं, पास्कूनं, सकाळी तो काढून पलंगाखाली सारला. बघून मला किळस आली.

नवऱ्यामुलाचा बाप मोकळा गडी निघाला. चहा पिता पिता म्हणाला, "बाबा, आत्म्याचं तारण देवावरच्या विश्वासानं मिळतं. मध्ये पोप कशाला?"

मी तिसरी शिकलेला, पण गप्प बसणारा नव्हे. म्हटलं, "विश्वास चोरही सांगतो. त्याचे हात काय करतात ते बघा!"

तो खदखदून हसला. त्याचं मला पटलं नाही, माझं त्याला नाही. पण जे मानतो ते तोंडावर बोलला. त्याची कसली किळस? किळस येते ती आपल्याच माणसाची. माणूस देवाला भितो म्हणतात, खरा भितो तो पाहुण्याला.

मग त्यानं चौकोनाकडे बोट केलं. "इथं काय होतं हो?"

"कॅलेंडर," पास्कू पटकन म्हणाला.

पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर मुलगा खोटा ठरतो आणि सोयरीक मोडते. दारात रीटा श्वास रोखून उभी होती.

"कॅलेंडरच," मी म्हणालो. "जुनं झालं होतं."