उंबराची साल आणि रिकामा चंबू

साठेबाई प्रत्येक प्रयोग दोनदा लावत. एकदा उंबराची साल घालून, एकदा सालीशिवाय. दुसऱ्या चंबूत नुसतं द्रावक. त्या रिकाम्या चंबूकडेच त्या जास्त वेळ बघत बसत.

"जे नाही ते आधी नीट बघावं रे. मग जे आहे ते दिसतं."

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या त्या प्रयोगशाळेत मी त्यांचा मदतनीस. वेळ वाचवण्यात हुशार, बाकी सगळ्यात कच्चा. युरो नुकता आला होता. खिडकीबाहेर नदीवरचं धुकं काचेला टेकलेलं असे आणि आत बाई सालीची पूड चिमटीत धरून डोळे मिटत.

"वाईची. घाटाखालची. पाण्याचा वास आहे हिला."

मीही हुंगायचो. मला फक्त शिंक यायची.

अर्कात टॅनिनं, ल्युपिऑल ही ओळखीची मंडळी भेटत होती. पण साखरेच्या आजारावर लोक ही साल उकळून पितात, तर तिच्यात आणखी कुणी अनोळखी दडलंय का, हा बाईंचा ध्यास. मार्चपर्यंत एक नवा रेणू दाखवला तरच पुढच्या वर्षाचा निधी मिळणार होता. नाहीतर काम बंद आणि बाई परत पुण्याला.

अर्कातला प्रत्येक रेणू यंत्राच्या आलेखावर शिखर होऊन उमटे. फेब्रुवारीत एक नवंच शिखर उगवलं. उंच, निमुळतं, आमच्या कुठल्याच नमुन्याशी न जुळणारं. मी पेढे म्हणून मजलाभर चॉकलेटं वाटली. तंत्रज्ञ शेमस दोन उचलून "ग्रँड!" म्हणाला.

बाई म्हणाल्या, "रिकामा लावलास?"

"अहो बाई, शिखर तरी बघा!"

"बघितलं. आता रिकामा दाखव."

लावला. तेच शिखर. तितकंच उंच. सालीचा कणही नसताना!

चोर मीच. काचेच्या बाटल्या धुवायचा कंटाळा, म्हणून महिनाभर द्रावक प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, दडवलं होतं. द्रावकानं प्लास्टिक चाटलं होतं. माझं दिव्य औषध त्या कॅनचं होतं, उंबराचं नव्हे.

"अहवाल तर उद्याच जायचाय," मी पुटपुटलो. "रिकामा कोण बघतंय, बाई?"

"मी बघितला ना."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अहवालात त्यांनी दोन्ही आलेख जोडले. मार्च संपला. बस सुटताना उरलेल्या सालीची पुडी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "काचेत ठेव हो."

आता इथल्याच शॅननच्या औषध कारखान्यात मी आधी रिकामा लावतो. सरळ, शांत रेघ उमटली की घरी येऊन त्या सालीची काचेची बरणी उघडतो. शिंक अजून येतेच. पण परवा, शिंकेच्या आधी, क्षणभर पाण्याचा वास आला.