भरलेल्याला वाट

नागावात आमच्या गल्लीत एका वेळी एकच गाडी मावते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, गडग्यांच्या आत नारळ-सुपारीच्या वाड्या आणि टोकाला समुद्र. बाबा टेम्पो चालवायचे तेव्हा दोन गाड्या समोरासमोर आल्या की निकाल तिथल्या तिथे लागायचा. भरलेल्या गाडीला वाट, रिकामीने मागे जायचं. नारळांनी भरलेला टेम्पो दिसला की रिकामा टेम्पोवाला मुकाट्याने गाडी मागे घ्यायचा आणि त्यात कुणाचा मान जात नसे. आता शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. त्यांना हे कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

आई गेली, माझं लग्न मोडलं, त्यानंतर बाबांची डावी बाजू गेली. हे सगळं असं लागोपाठ झालं की रडायचं नेमकं कशासाठी तेही कळेना. मी पुण्यातलं बिऱ्हाड आवरून इकडे आले आणि ओटीवर टेबल मांडून नोकरी करू लागले. कंपनीने आधी समजून घेतलं. मग साहेबांच्या बोलण्यातला गोडवा आटत गेला आणि शेवटी सरळ सांगण्यात आलं, पावसाळ्याआधी ऑफिसात हजर व्हा, नाहीतर दुसरीकडे बघा.

माझी मोठी बहीण माणगावला असते. तळमजल्याचं घर, नवरा भला माणूस, दवाखाना हाकेच्या अंतरावर. बाबांना घेऊन जाते म्हणून ती सारखी मागे लागायची. बाबा फक्त मान हलवून ‘न्हाय’ म्हणायचे. माझ्याबरोबर पुण्याला चला म्हटलं, तर तिसऱ्या मजल्यावर बसून काय भिंती बघू, असं विचारायचे. हे काम पुण्याबाहेर मिळणं कठीण, आणि बाबांना एकटं सोडणं त्याहून कठीण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला बाबांचा राग यायचा. त्यांचं अंग पुसताना, गोळ्या देताना, एवढंच काय ते झोपलेले असतानाही यायचा. या घरात माझा जीव गुदमरत होता आणि ज्यांच्यामुळे गुदमरत होता त्यांच्यावरच माझा सगळा जीव होता.

माझं काम कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे संगणकाचा सगळ्यात आतला कारभारी. मेमरी कुणाला द्यायची, डिस्कवर कुणी लिहायचं, सगळं तो बघतो. तिथे एकाच वेळी अनेक कामं चाललेली असतात आणि दोघांनी एकदम एकाच जागी हात घातला की घोळ होतो. एकजण रांगेतलं काम उचलतोय तोवर दुसऱ्याने रांगच मोडून टाकली, असा घोळ. कोण आधी पोचलं यावर सगळं अवलंबून, म्हणून तो कधी होतो, कधी होत नाही. आमच्या स्टोरेज कार्डाच्या कोडमध्ये असाच एक घोळ सापडला आणि मी त्याला कुलूप घातलं. कुलूप ज्याच्या हाती त्यानेच रांगेला हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं. घोळ थांबला. आणि मग सगळं यंत्रच थांबायला लागलं.

कोड चालवून बघायला टेबलावर जो बोर्ड ठेवलाय, त्यावर एक हिरवा दिवा आहे. कर्नल जिवंत असेपर्यंत तो काळजासारखा धडधडत राहतो. बाबा समोर झोपाळ्यावर बसून त्याच्याकडे बघत असत. दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. मी आत भाताला फोडणी देत असले की बाहेरून आवाज यायचा, “बाय, दिवा थांबला.” मी हात पुसत येऊन बघायची, तर दिवा पेटलेला, पण धडधड बंद. पडद्यावर चकार शब्द नाही. कुठे अडलं ते कळावं म्हणून मी कोडमध्ये जागोजागी खुणेच्या ओळी छापायला लावल्या, तर गडी अडेचना. त्या ओळी छापण्यात एका कामाला उशीर व्हायचा आणि दोन कामांची गाठच पडायची नाही. ओळी काढल्या की पुन्हा ठप्प. बघायला गेलं की साळसूद, पाठ फिरवली की आडवा.

त्यातच एका शनिवारी बाबांना व्यायामासाठी अलिबागला न्यायचं होतं. रिक्षा फाटकातून निघाली आणि गल्लीच्या मध्यावर अडकली. समोर समुद्राकडून येणारी गाडी, तिच्या मागे दुसरी, आमच्या मागे तिसरी. मी उतरून घसा फोडला, पण मागे जाणार कोण? प्रत्येकाच्या मागे कुणीतरी होतंच. उन्हात बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि उजव्या हाताने तो पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. ते काचेतून समोर बघत म्हणाले, “सगळ्याच भरलेल्या हायत.” कोंडी सुटेपर्यंत अलिबागची वेळ टळून गेली. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

शेवटी कर्नलमधलाच एक पहारेकरी मी कामाला लावला. कोणी कुठलं कुलूप कोणत्या क्रमाने घेतलं हे तो लक्षात ठेवतो आणि अडण्याआधीच बोंब मारतो. त्याने बोंब मारली आणि मी कपाळावर हात मारला. कोडमधली एक वाट आधी कार्डाचं कुलूप घेई, मग रांगेचं. मी घातलेली वाट आधी रांगेचं घेई, मग कार्डाचं. दोन्ही वाटा एकदम निघाल्या की दोघांच्या हातात एकेक कुलूप आणि दोघं दुसऱ्याच्या हातातल्याची वाट बघत उभे.

त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, दिव्याला झालं होतं काय. मी म्हटलं, समजा एकाने ताट धरलंय आणि तो वाटीसाठी थांबलाय. दुसऱ्याने वाटी धरलीय आणि तो ताटासाठी थांबलाय. हातातलं कुणीच खाली ठेवत नाही.

“मग?”

“मग काय, दोघं उपाशी. तसं बघितलं तर चूक एकाचीही नाही.”

मी काय केलं, तेही त्यांना जाणून घ्यायचं होतं. दोघांनाही आधी ताटच घ्यायची सक्ती केली, म्हटलं, म्हणजे मागून येणारा मोकळ्या हाताने थांबतो आणि कुणाला अडवत नाही. बाबा बराच वेळ आमटीत भात कालवत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, “मी तायकडं का जात न्हाय, तुला ठाव हाय?”

“वाडीसाठी.”

“वाडीला गडी पाणी देईल. मी गेलो आन् घराला कुलूप लागलं, तर तू उद्या येशील कुठं? एकदा आलीस तवा मी होतो.”

ते माझ्यासाठी घर धरून बसले होते आणि मी त्यांच्यासाठी. त्यांना मी सांगितलं की त्यांच्यापायीच पुण्याला नाही म्हणत आलेय. ते “व्हय?” एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

पुढच्या रविवारी मेहुणे बाबांना माणगावला न्यायला गाडी घेऊन आले. बाबांच्या कपड्यांची बॅग, काठी, औषधांचा डबा, वाडीतली शहाळी, सगळं मागच्या सीटवर रचलं. बाबा पुढे बसले. घराची चावी त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझी मूठ मिटून धरली. गाडी निघाली. मी फाटकाशी उभी होते. इतके महिने ज्या सुटकेची वाट बघितली ती आली होती, आणि मी फाटकाची कडी धरून ठेवली होती.

गाडी थोडी पुढे गेली आणि समोरून दुसरी आली. आत मुलं, टोप्या, रबरी ट्यूब, खिडकीतून बाहेर आलेले हात. मेहुण्यांनी हॉर्न दिला. आमच्या गाडीत बाबा होते, त्यांचं सगळं सामान होतं, गल्लीच्या रीतीने वाट त्यांचीच होती. तेवढ्यात उघड्या काचेतून बाबांचा आवाज आला.

“जावयबापू, गाडी मागं घ्या. त्यांची भरलेली हाय. आपली रिकामीच.”

गाडी हळूहळू मागे येत पार फाटकापर्यंत आली. बाबा पुन्हा माझ्या शेजारी होते, हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता. जाऊ नका, हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. ते समोरच बघत होते.

मी फाटक पूर्ण उघडलं. गाडी अंगणात आली, मुलांची गाडी समुद्राकडे गेली आणि गल्ली मोकळी झाली. मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फाटकातून बाजूला झाले.