साहेबाचा मंगळवार

दुबईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर आमच्या मामूंइतका हट्टी स्वयंपाकी झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. मामू म्हणजे माझ्या आईचे मामेभाऊ, रत्नागिरीकडचे. साठ-एकसष्ट सालात खाडीतला गाळ काढायचं काम चाललं होतं. त्या कामावरच्या स्वीडनच्या इंजिनीअर साहेबाच्या बंगल्यात मामू रांधायचे आणि मी तिथेच कारकून होतो. कालवणात मीठ कमी आहे म्हणावं, तर मामू म्हणणार, तुझ्या जिभेला ताप आलाय. रेडिओवरची वेळसुद्धा त्यांना मान्य नसे. साहेबाला जेवण मिळायचं ते मामूंच्या घड्याळाप्रमाणे, आणि साहेब बिचारा त्याच घड्याळावर भूक लावून घ्यायला शिकला होता.

या साहेबाने त्यांना आपल्या देशाचा एक बन शिकवला. वेलची घातलेला मऊ बन भाजायचा, त्याची टोपी कापायची, आत दुधात कालवलेलं बदामाचं वाटण भरायचं, वर डब्यातलं क्रीम फेटून रचायचं, टोपी पुन्हा बसवून पिठीसाखर भुरभुरायची. मग तो कोमट दुधाच्या वाटीत ठेवून चमच्याने खायचा. ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपवास असतो, तो लागण्याआधीच्या मंगळवारी हे खातात म्हणे. वेलची बघूनच मामू खूश झाले. वेलची घालतात म्हणजे माणसं खानदानी, असा त्यांनी निकाल दिला.

आता नशीब बघा, त्या पहिल्या वर्षी साहेबाचा उपवास आणि आमचे रोजे एकाच आठवड्यात लागले. वर साहेब म्हणाला, आमचा दिवसही चंद्रावरूनच ठरतो. झालं! चंद्र एक, म्हणजे उपवासही एक, अशी मामूंनी पक्की गाठ मारली. पुढच्या वर्षी रोज्यांच्या आदल्या संध्याकाळी बन तयार, आणि साहेबाच्या मंगळवाराला अजून महिना बाकी. साहेबाने समजावलं. मामूंनी उलट त्यालाच समजावलं. मामूंचा आवाज मोठा, त्यामुळे साहेबाने निमूट खाल्ला.

तिसऱ्या वर्षीही तेच झालं. मग ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, आज आमचा मंगळवार आहे, आज एक बन मिळेल का?

"साहेब, रोजे खलास, ईद खलास," मामू म्हणाले. "आता पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

साहेब हसला आणि एकटाच लाँच घेऊन खाडीच्या तोंडाबाहेर पाण्याची खोली मोजायला गेला. दुपारी उत्तरेचा वारा सुटला. लाँच सापडली, साहेब सापडला नाही.

मामू रडले नाहीत. दारात येऊन मागणाऱ्याला मी उपाशी पाठवला, एवढंच म्हणाले. तेव्हापासून थंडीतल्या दर मंगळवारी ते बन करू लागले, कारण नेमका मंगळवार कुठला ते त्यांना कधी कळलंच नव्हतं, आणि आता कुणाला विचारायची त्यांना लाज वाटे. अख्खी गल्ली बन खाऊन फुगली. एक वाटी मात्र साहेबाच्या बंद खोलीत टेबलावर जायची. मामू बाहेरून कुलूप लावायचे आणि संध्याकाळी वाटी जशीच्या तशी परत आणायचे, दुधावर साय धरलेली. मी चेष्टा करायचो की साहेब अजून खोलीच मोजतोय वाटतं. मग एके दिवशी टेबलाची खुर्ची थोडी मागे सरकलेली दिसली. मामूंनी ती आत ढकलली नाही, आणि मी त्या खोलीजवळून जाणं टाळू लागलो.

इकडे गावी मामूंच्या मुलीचा निकाह ठरला होता. मामींची पत्रांवर पत्रं येत होती, आणि मामूंचं उत्तर ठरलेलं, साहेब जेवला की निघतो. दोनदा तारीख पुढे गेली. आता नाही आलात तर मुलाकडचे नातं मोडतील, असं शेवटी मामींनी लिहिलं. तेव्हा मी ठरवलं की बन आपणच खायचा आणि साहेब जेवून गेला म्हणून सांगायचं.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. मामू दुपारच्या नमाजाला गेले. ऑफिसातली दुसरी किल्ली घेऊन मी कुलूप उघडलं. खिडक्या बंद होत्या. खोलीत ओल्या गाळाचा वास होता आणि खुर्ची दाराकडे वळलेली होती. वाटी रिकामी होती. चमचा बाजूला आडवा ठेवलेला. मी वाटीला हात लावला, तर ती अजून कोमट होती. मामूंनी ती सकाळीच ठेवली होती. मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो.

मामू परतले. त्यांनी रिकामी वाटी पाहिली, माझ्या हातातली किल्ली पाहिली. वाटी धुतली आणि मला मुंबईच्या बोटीचं तिकीट काढायला सांगितलं.

धक्क्यावर त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "तू खाल्लास ते बरं केलंस, बेटा. पोरीचं लग्न तरी होईल. साहेबाचं काय ते मी बघीन."

"मामू, अल्लाकसम, मी नाही खाल्ला."

आयुष्यभर मी त्यांची टिंगलच केलेली. आता कोण ऐकणार? लहान पोराची खोटी शपथ ऐकून हसावं तसे ते हसले आणि शिडी चढून गेले.

लग्न थाटात झालं. मामू परत आले नाहीत. थंडीत दर मंगळवारी तिथेही वाटी मांडतात, असं मामी लिहायच्या. मी तीन पत्रं पाठवली, हव्या त्या शपथा घेतल्या. मामींनी ती मोठ्याने वाचून दाखवली, तर म्हणाले, पोरगा मनाचा चांगला आहे. त्याच हट्टात ते गेले. साहेब जेवून गेला होता हो, पोटभर जेवून गेला होता. हे एका मामूंना पटवता आलं असतं, तर मला दुसरं काही नको होतं.